कितव्या पिढीचें पिलूं घ्यावें?

कुटुंबांत कुत्रा पाळावयाचें ठरलें म्हणजे पूर्वीं दोन प्रश्न मुख्यतः विचारले जात: जात कोणती, आणि नर घ्यावा कीं मादी? अलीकडे त्यांत तिसऱ्या एका प्रश्नाची भर पडली आहे. पूडल नांवाच्या कुरळ्या केसांच्या कुत्र्याचा लॅब्रॅडॉर, गोल्डन रिट्रीव्हर, कॉकर स्पॅनियल इत्यादि जातींशीं संकर करून जीं पिलें होतात, त्यांस ऑस्ट्रेलिया, अमेरिका व इंग्लंड या देशांत ‘डूडल’ असें लाडकें नांव पडलें आहे. असलें पिलूं घेऊं इच्छिणाऱ्या गृहस्थास विकणारा विचारतो, ‘आपणांस कितव्या पिढीचें हवें? एफ १, एफ १ बी, कीं एफ २?’ मग वडील माणसें कागद-पेन्सिल घेऊन हिशेब मांडतात, मुलें छायाचित्रें पाहून हट्ट धरतात, आणि शेवटीं एखाद्या आंकड्यावर बोट ठेवून निवड पुरी होते. आपल्यापैकीं अनेकांचे आप्त त्या देशांत राहतात. आणि असल्या पिलांच्या जाहिराती आतां मुंबई-पुण्याकडेहि दिसूं लागल्या आहेत. तेव्हां या विषयाचा विचार आपल्या अंकांत केल्यास तो अस्थानीं होणार नाहीं, असें आम्हांस वाटतें.

आमचें मत आरंभींच सांगून टाकतों. पिढीचा आंकडा खोटा नाहीं. परंतु तो जें सांगतो तें फारच थोडें आहे. पिलाच्या केसांविषयीं तो कांहीं अंदाज देतो. त्याच्या सहवासांत घरांतील दमेकरी मुलाला त्रास होईल कीं नाहीं, तें निरोगी निघेल कीं नाहीं, तें शांत होईल कीं अवखळ, या तीन मोठ्या प्रश्नांवर तो जवळजवळ मुका आहे. आणि कुटुंबें मात्र नेमकीं याच तीन प्रश्नांचीं उत्तरें त्या आंकड्यांत शोधीत असतात. हा घोटाळा दूर व्हावा एवढ्याचसाठीं हा लेखनप्रपंच.

प्रथम या आंकड्यांचा अर्थ पाहूं. ‘एफ’ हें अक्षर अपत्यवाचक लॅटिन शब्दावरून आलें असून विल्यम बेटसन या इंग्रज शास्त्रज्ञानें तें विसाव्या शतकाच्या आरंभीं रूढ केलें. शुद्ध पूडल व शुद्ध लॅब्रॅडॉर यांचें अपत्य तें एफ १, म्हणजे पहिली पिढी. अशा पहिल्या पिढीच्या कुत्र्याचा पुन्हा शुद्ध पूडलाशीं संबंध केला असतां होणारें पिलूं तें एफ १ बी. पहिल्या पिढीचींच दोन कुत्रीं एकत्र आणलीं असतां होणारें पिलूं तें एफ २. यापुढें जाऊन संकरांचा संकर पिढ्यानुपिढ्या केला म्हणजे त्यास ‘बहुपिढी’ म्हणतात. मात्र त्या पायऱ्यांचीं नांवें सर्व पैदासकार एकाच रीतीनें वापरीत नाहींत. इंग्लंडांतील केनेल क्लब किंवा अमेरिकन केनेल क्लब या संस्था डूडलांस स्वतंत्र जात म्हणून मानीत नाहींत, त्यामुळें हीं नांवें तपासून पाहणारी त्यांची वंशनोंदवहीहि नाहीं.

आतां रक्ताच्या वाट्याचा हिशेब. कुत्र्याच्या पेशींत गुणसूत्रांच्या ३९ जोड्या असतात. प्रत्येक जोडींतील एक आईकडून व एक बापाकडून येतें. म्हणून एफ १ पिलांत पूडलाचा वाटा अर्धा असतो. एफ १ बी पिलांत तो पाऊण भरतो, परंतु सरासरीनें. कारण पहिल्या पिढीच्या पालकाकडून पूडलाचे कोणते अंश उतरतील व लॅब्रॅडॉरचे कोणते, हें प्रत्येक पिलाच्या बाबतींत निराळें असतें. एफ २ मध्यें सरासरी पुन्हा अर्धी. पण तेथें तर आई व बाप या दोघांकडूनहि मिश्र वांटणी येते, त्यामुळें एकाच वेतांतील एक भाऊ पूडलासारखा तर दुसरा लॅब्रॅडॉरसारखा निघूं शकतो. ‘सरासरी’ हा शब्द वाचकांनीं ध्यानांत ठेवावा. विकणारा सरासरी सांगतो; आपण घरीं आणतों तें एकच पिलूं.

हें शास्त्र ज्यानें प्रथम उलगडलें तो एक मठवासी धर्मगुरु होता, हें आमच्या विद्यार्थ्यांस ठाऊक असावें. ग्रेगोर मेंडेल यांनीं आजच्या झेक प्रजासत्ताकांतील ब्रनो शहरीं आपल्या मठाच्या बागेंत वाटाण्याचे वेल लावून वर्षानुवर्षें प्रयोग केले. १८६५ सालीं त्यांनीं आपला निबंध तेथील शास्त्रमंडळापुढें वाचला, व पुढल्या वर्षीं तो छापून निघाला. पण त्याचें महत्त्व जगाला कळण्यास १९०० साल उजाडावें लागलें, आणि मेंडेल तर १८८४ मध्येंच निवर्तले होते. उंच वाटाणा व बुटका वाटाणा यांच्या संकरापासून पहिली पिढी सारी उंच निघाली. त्याच पिढीच्या बियांपासून दुसरी पिढी काढली तेव्हां चारांत सुमारें एक वेल पुन्हा बुटका निघाला. बुटकेपणा नाहींसा झाला नव्हता, तो केवळ लपला होता.

हाच न्याय पूडलाच्या मिशांना लागू पडतो. पूडलाच्या तोंडाभोवतीं व भुवयांवर लांब केसांची झुपकेदार झालर असते. लॅब्रॅडॉरचें तोंड स्वच्छ असतें. २००९ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या संशोधनांत असें दिसून आलें कीं, निरनिराळ्या जातींच्या कुत्र्यांच्या केसांत जी विविधता दिसते, तिचा बहुतेक भाग अवघ्या तीन जनुकांनीं समजावून देतां येतो: एक या झालरीचें, एक केसांच्या लांबीचें व एक कुरळेपणाचें. त्यांपैकीं झालरीचें जनुक प्रभावी आहे. म्हणून पहिल्या पिढीच्या सर्व पिलांस मिशा येतात. एफ १ बी पिलांसहि सर्वांस येतात, व कुरळेपणा बहुधा अधिक असतो. एफ २ मध्यें मात्र मेंडेलच्या बुटक्या वाटाण्याप्रमाणें चारांत सुमारें एक पिलूं सपाट तोंडाचें व सरळ केसांकडे झुकणारें निघतें, आणि तें लॅब्रॅडॉरप्रमाणें घरभर केस गाळतें. केस गळण्यावर आणखी एका जनुकाचाहि परिणाम असल्यामुळें मिशाळ पिलूंहि मुळींच केस गाळणार नाहीं असें नव्हे. तरीपण ‘केस कमी गळावेत’ एवढाच हेतु असेल तर एफ १ पेक्षां एफ १ बी बरें, आणि एफ २ सर्वांत बेभरंवशाचें, हें विकणाराचें म्हणणें शास्त्राला धरून आहे. त्याचें श्रेय त्यास दिलेंच पाहिजे.

पण येथेंच त्या आंकड्याची सत्ता संपते. हें पाहण्यासाठीं डूडलाच्या जन्मकथेकडेच वळूं. ऑस्ट्रेलियांत आंधळ्यांसाठीं वाटाडे कुत्रे तयार करणाऱ्या एका संस्थेंत वॉली कॉनरन नांवाचे गृहस्थ पैदाशीचें काम पाहत असत. हवाई बेटांतील एका अंध स्त्रीला वाटाड्या कुत्रा हवा होता, परंतु तिच्या पतीला कुत्र्यांची ॲलर्जी होती. कॉनरन यांनीं प्रथम पूडलच शिकवून पाहिले. त्यांत वाटाड्याच्या कामाला लागणारा गुण जमेना. तेव्हां १९८९ च्या सुमारास त्यांनीं पूडल व लॅब्रॅडॉर यांचा संबंध केला. तीन पिलें झालीं. कॉनरन यांनीं त्या पिलांचे केस व लाळ यांचे नमुने हवाईला पाठविले आणि त्या पतीवर त्यांचा काय परिणाम होतो तें पाहिलें. तिहींपैकीं एकच पिलूं चाललें. सुलतान असें त्याचें नांव. तेंच पुढें शिकून त्या स्त्रीचें वाटाडें झालें.

या कथेचें मर्म बहुतेकांच्या नजरेंतून निसटतें, म्हणून आम्ही तें ठळकपणें मांडतों. तीं तिन्ही पिलें एकाच आईबापांचीं, एकाच वेतांतील, एकाच पिढीचीं होतीं. तिघांचाहि आंकडा एफ १ हाच होता. तरी दोन नापास झालीं व एक पास झालें. म्हणजे जगांतील या पहिल्या प्रसिद्ध डूडलाची निवड पिढीवरून झालीच नाहीं. ती त्या एका पिलाच्या व त्या एका माणसाच्या प्रत्यक्ष परीक्षेवरून झाली. शितावरून भाताची परीक्षा होते असें आपण म्हणतों खरें. पण या हांडींतील प्रत्येक शीत निराळें आहे. पुढें त्या नांवाची मोहिनी जगावर पडली, परीक्षेची रीत मागें राहिली, आणि ‘डूडल म्हणजे ॲलर्जी नाहीं’ एवढें सुटसुटीत वाक्य तेवढें जाहिरातींत उरलें. स्वतः कॉनरन यांनीं २०१९ सालीं एका मुलाखतींत आपल्या हातून सुरू झालेल्या या प्रकाराबद्दल खेद व्यक्त केला. कारण त्यांचें अनुकरण करणाऱ्यांनीं आईबापांचें आरोग्य न पाहतां पिलांचा बाजार मांडला, असें त्यांस वाटत होतें.

ॲलर्जीविषयीं संशोधन काय सांगतें तेंहि पाहूं. कुत्र्यामुळें होणारा त्रास मुख्यतः केसांचा नसतो. लाळ, त्वचेचा कोंडा व मूत्र यांत असणाऱ्या कांहीं प्रथिनांचा असतो. त्यांपैकीं प्रमुख प्रथिनाला ‘कॅन एफ १’ म्हणतात. (येथील ‘एफ १’ चा पिढीशीं कांहींएक संबंध नाहीं, तो कुत्र्याच्या शास्त्रीय नांवाचा संक्षेप आहे. नांवांच्या साम्यानें वाचकांनीं फसूं नये.) २०११ सालीं अमेरिकेंत घरांतील धूळ तपासून पाहण्यांत आली, ‘ॲलर्जी न करणारे’ म्हणून मिरविणारे कुत्रे ज्या घरीं होते तेथील धुळींत हें प्रथिन इतर कुत्र्यांच्या घरांपेक्षां कमी आढळलें नाहीं. २०१२ सालीं नेदरलंड्समध्यें केसांची व घरांतील हवेची तपासणी झाली. पूडल व लॅब्रॅडूडल यांसारख्या कुत्र्यांच्या केसांत तें प्रथिन कमी नव्हे तर उलट अधिक सांपडलें, आणि हवेंतील प्रमाणांत फरक दिसला नाहीं. जमिनीवर केस कमी पडले म्हणजे झाडूचें काम कमी होतें, हें खरें. पण श्वास मोकळा होतोच असें नाहीं. या दोन गोष्टी एक समजणें हीच या सर्व व्यवहारांतील मुख्य चूक होय.

यांत केवळ पैशाचें नुकसान असतें तर आम्ही एवढे कळकळीनें लिहिलें नसतें. घरांत दमेकरी मुलगा आहे. त्याला कुत्र्याची हौस आहे. आईबाप पाऊण हिश्श्याचा हिशेब करून एफ १ बी पिलूं आणतात. महिन्या-दोन महिन्यांत मुलाचा जीव त्या पिलावर जडतो आणि त्याच सुमारास त्याची धाप वाढते. मग एके दिवशीं पिलूं दुसऱ्याच्या दारीं जातें. त्या मुलाला वाटतें, ‘माझ्यामुळें गेलें.’ पिलाला तर काय झालें हेंच कळत नाहीं. एका आंकड्यावर फाजील विश्वास ठेवल्याचा दंड असा त्या दोन निरपराध जीवांनीं भरावा, हें कोणत्याहि सहृदय माणसास रुचणार नाहीं. म्हणून ज्या घरीं असा रुग्ण असेल त्यांनीं आधीं डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. आणि त्यांनीं होकार दिला तरच, जें पिलूं आणावयाचें तेंच पिलूं, शक्य तर त्याची आईहि, मुलासह वारंवार व पुरेसा वेळ भेटून पाहावी. एका भेटीवर निर्णय करूं नये.

आतां आरोग्य. संकर म्हटला कीं ‘संकरित प्राणी काटक असतो’ असें कोणी तरी म्हणतोच. त्यांत तथ्याचा अंश आहे. एखादा सुप्त दोष केवळ पूडलांतच असेल आणि लॅब्रॅडॉरांत नसेल, तर पहिल्या पिढींत तो प्रकट होऊं शकत नाहीं. कारण असा दोष उघड होण्यास तो आई व बाप दोघांकडूनहि यावा लागतो. नवजात पिलांना झटके आणणारा असा एक सुप्त आजार मोठ्या पूडलांत आढळतो. पण पाहा: केस न गळावेत म्हणून पहिल्या पिढीचा संबंध पुन्हा पूडलाशीं केला, कीं जें दार पहिल्या पिढींत बंद झालें होतें तेंच पुन्हा किलकिलें होतें. एफ २ मध्येंहि तसेंच. म्हणजे केसांच्या हिशेबांत पुढें टाकलेलें पाऊल आरोग्याच्या हिशेबांत मागें पडूं शकतें. शिवाय कांहीं दोष दोन्ही जातींना समान आहेत. दृष्टिपटल हळूहळू झिजून अंधत्व आणणारा एक आनुवंशिक रोग पूडलांत आहे, लॅब्रॅडॉरांत आहे व कॉकर स्पॅनियलांतहि आहे. आईबाप दोघेहि त्याचे छुपे वाहक असल्यास पहिल्या पिढींतील पिलालाहि तो चारांत एक या प्रमाणांत होण्याची भीति असते. कंबरेच्या सांध्याचा दोष तर लॅब्रॅडॉर, गोल्डन रिट्रीव्हर व मोठा पूडल या तिघांच्याहि घराण्यांत आहे. त्याच्यापुढें पिढीचा आंकडा काय करणार?

लंडनच्या रॉयल व्हेटरिनरी कॉलेजच्या संशोधकांनीं २०२४ सालीं कॉकापू, लॅब्रॅडूडल व कॅव्हापू या तीन संकरांची त्यांच्या मूळ जातींशीं तुलना प्रसिद्ध केली. ५७ सामान्य आजार घेऊन केलेल्या तुलनांपैकीं शेकडा ८६ हून अधिक ठिकाणीं संकर व शुद्ध यांत फरकच दिसला नाहीं. उरलेल्यांत कोठें संकर सरस ठरले, तर कोठें शुद्ध. यावरून दोन्ही बाजूंच्या अभिमान्यांनीं बोध घ्यावा. संकर म्हणजे अमृत नव्हे. आणि संकर म्हणजे विटाळहि नव्हे. ‘संकर’ हा शब्द आपल्या भाषेंत दीर्घकाळ तुच्छतेनें उच्चारला गेला आहे. शुद्ध रक्ताच्या नांवाखालीं डूडलास हिणविणाऱ्यांच्या पंक्तीला आम्ही बसणार नाहीं. ईश्वराच्या सृष्टींत कोणताहि प्राणी वंशावळीवरून हलका ठरत नाहीं. आमचा वाद पिलाशीं नाहीं, त्याच्या गळ्यांत अडकविलेल्या चिठ्ठीशीं आहे.

कोणी म्हणतील, ‘मग बहुपिढी पिलूं घ्यावें, पुष्कळ पिढ्या निवड झाल्यावर तें ठरीव गुणांचें होत असेल.’ हा आक्षेप विचार करण्याजोगा आहे. निवड जर खरोखर जपून, नोंदी ठेवून व तपासण्या करून केलेली असेल तर पिलें अधिक एकसारखीं निघतात, हें आम्ही मान्य करतों. परंतु ती निवड कशाची झाली हेंहि पाहावें. २०२० सालीं ऑस्ट्रेलियन लॅब्रॅडूडलाच्या जनुकांचें विश्लेषण प्रसिद्ध झालें. त्यांत असें आढळलें कीं, नांवांत ‘लॅब्रा’ आधीं असला तरी त्या कुत्र्यांच्या अंगीं पूडलाचाच अंश फार अधिक आहे. लोकांनीं पिढ्यानुपिढ्या केस पाहून निवड केली, आणि केसांबरोबर पूडल परत आला. तेव्हां ज्यांस न गळणारे केस हेच सर्वस्व वाटतें, त्यांनीं सरळ पूडलच कां घेऊं नये? त्याची मूर्ति नटवी दिसते म्हणून पुष्कळांस तो खेळणें वाटतो. वस्तुतः तो पाण्यांत उडी घेऊन शिकार आणणारा, बुद्धिमान व श्रमाळू कुत्रा आहे. त्याचें जर्मन नांवच पाण्यांत डुंबण्याच्या शब्दावरून आलें आहे.

हें स्वभावाच्या बाबतींतहि लक्षांत ठेवण्यासारखें आहे. पूडल, लॅब्रॅडॉर व गोल्डन रिट्रीव्हर हे तिन्ही मूळचे शिकाऱ्याबरोबर दिवसभर राबणारे. त्यांच्या कोणत्याहि पिढीच्या संकराला धांवणें, हुंगणें, शिकणें व माणसाची संगत हवीच. छायाचित्रांत मऊ बाहुलीसारखें दिसणारें पिलूं वर्षभरांत मोठें होतें आणि दिवसभर बंद घरांत एकटें ठेवल्यास खुर्च्यांचे पाय कुरतडून आपलें दुःख सांगतें. त्याचा स्वभाव कसा होईल याचा अंदाज आंकड्यावरून नव्हे तर आईवरून बांधावा. खाण तशी माती. आई परक्या माणसासमोर थरथरते, कीं गुरगुरते, कीं शेपटी हलवीत पुढें येते, हें दहा मिनिटें पाहिलें तर जें कळतें तें कोणत्याहि बीजगणितानें कळणार नाहीं.

राहतां राहिली मेहनतीची गोष्ट. जो केस जमिनीवर गळत नाहीं तो अंगावरच राहतो, आणि तेथें गुंततो. एफ १ बी पिलाचे कुरळे केस आठवड्यांतून अनेक वेळां, अगदीं कातडीपर्यंत फणी पोहोंचवून विंचरावे लागतात. शिवाय साधारणतः सहा ते आठ आठवड्यांनीं कापवून घ्यावे लागतात, आणि तो खर्च जन्मभराचा आहे. पिलाचे बाळकेस जाऊन मोठेपणचे केस येण्याच्या काळांत तर हयगय केली कीं अंगावर नमद्यासारखे थर बनतात. ते कातडी ओढतात, ओल धरतात, गोचिडांना आसरा देतात. मग सारे केस कातरून टाकण्यावांचून गत्यंतर राहत नाहीं. झाडू वांचविण्यासाठीं हें पिलूं घेणाऱ्या गृहिणीनें हा हिशेब आधींच करावा: झाडूचे श्रम फणीवर चढतात, नाहींसे होत नाहींत.

इतक्या विवेचनानंतर ‘तुमचें उत्तर काय तें सांगा’ असें कोणी पालक म्हणतील. म्हणून थोडक्यांत सांगतों. घरांत ॲलर्जी नाहीं, थोडे केस गळाल्यास तक्रार नाहीं, व दोन्ही शुद्ध आईबाप पाहावयास मिळतात, अशा घरानें एफ १ घ्यावें. अशा पिलाचे आईबाप दोन निश्चित जातींचे असल्यामुळें त्यांच्या तपासण्या समजण्यास सोप्या असतात. केस कमी गळावेत अशी खरी गरज असून विंचरण्यास रोज हात व कापविण्यास पैसा आहे, अशा घरानें एफ १ बी घ्यावें. मात्र पूडलाच्या बाजूच्या सुप्त रोगांची चाचणी दोन्हीकडून झालेली असली पाहिजे. एफ २ पिलूं घ्यावयाचें तर केसांविषयीं आग्रह सोडून, समोरचें पिलूं पाहूनच घ्यावें. झालरीची जनुक-चाचणी आतां करतां येते, ती मागावी. बहुपिढी पिलूं केवळ जुन्या नोंदी दाखविणाऱ्याकडूनच घ्यावें. आणि घरांत दमा आहे, वेळ नाहीं, किंवा मुलाचा हट्ट आठ दिवसांत ओसरेलसा दिसतो, अशा घरानें कोणत्याहि पिढीचें घेऊं नये. हेंहि एक उत्तर आहे, आणि पुष्कळदां तेंच सर्वांत दयाळू उत्तर असतें.

विकणारास कोणते प्रश्न विचारावेत? आई कोठें आहे? तिचें वय किती, व हें तिचें कितवें वेत? आईबापांच्या कंबरेच्या सांध्याचीं क्ष-किरण चित्रें, डोळ्यांची तपासणी व जनुक-चाचणी यांचे कागद कोठें आहेत? पिलूं आमच्याकडे टिकलें नाहीं तर आपण परत घ्याल काय? या प्रश्नांना जो आनंदानें उत्तरें देतो त्याच्याकडे थांबावें. जो उत्तराऐवजीं पुन्हा पिढीचा आंकडा सांगतो त्यास नमस्कार करून निघावें. इंग्लंडांत २०२० सालापासून सहा महिन्यांखालील पिलें मध्यस्थ व्यापाऱ्यानें विकण्यास कायद्यानें मनाई आहे. घेणाऱ्यानें पैदासकाराकडे जाऊन पिलूं आईजवळ पाहावें हा त्यांतील हेतु. आपल्या देशांतहि २०१७ च्या नियमांप्रमाणें कुत्र्यांची पैदास करणाऱ्यानें नोंदणी करणें आवश्यक असून आठ आठवड्यांखालील पिलूं विकतां येत नाहीं. नोंदणीचा दाखला मागण्यांत संकोच कसला? तांदूळ घेतांना आपण मूठभर हातांत घेऊन पाहतों. बारा-पंधरा वर्षांचा सोबती घेतांना एवढें तरी पाहावें.

आपल्याकडील वाचकांना आणखी एक गोष्ट सुचवावीशी वाटते. महाराष्ट्राच्या उन्हाळ्यांत दाट केसांच्या कुत्र्याला ऊन फार बाधतें, आणि कोंकण-मुंबईच्या पावसाळ्यांत कुरळे केस व लोंबते कान ओले राहून त्वचेचे व कानांचे आजार जडतात. ज्यांस केवळ प्रेमळ, जागता व कमी निगेंत राहणारा सोबती हवा आहे, त्यांनीं आपल्याच आळींतील देशी पिलाकडेहि एकदां पाहावें. त्याच्या किती पिढ्या या हवेंत गेल्या याचा आंकडा कोणी ठेवलेला नाहीं. पण त्याचे आंखूड केस व काटक शरीर तो हिशेब रोज देत असतात. दमा असलेल्या घरीं मात्र त्यासहि तोच नियम लागू, हें विसरूं नये.

शेवटीं आमच्या विद्यार्थिमित्रांस दोन शब्द. मेंडेलचा तक्ता तुम्ही शाळेंत शिकतां तेव्हां त्यांतील चौकोन कागदावरचे असतात. पैदाशीच्या धंद्यांत त्या प्रत्येक चौकोनांत एक जीव असतो. चारांतील जें एक पिलूं मिशांवांचून निघालें, ज्याचें छायाचित्र जाहिरातींत शोभलें नाहीं, त्यालाहि घर हवें असतें. मनुष्याला इतर प्राण्यांवर जो अधिकार मिळाला आहे तो मालकाचा नसून विश्वस्ताचा आहे, अशी आमची श्रद्धा आहे. म्हणून घरीं कुत्रा आणण्याची गोष्ट निघाली तर वडिलांजवळ आंकड्याचा हट्ट धरूं नका. त्यांच्याबरोबर जा, पिलाची आई पाहा, वर सांगितलेले प्रश्न स्वतः विचारा. आणि रोज सकाळीं फणी व साखळी हातांत घेण्याचें काम आपल्याकडे कोण घेणार, हें पिलूं आणण्यापूर्वीं घरांत बसून ठरवा.